कापड तुडवणाऱ्यांचं आडनाव

आई, तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा पत्रं आप्पांच्या नावावर जायची आणि शेवटी "सौ. आईस नमस्कार" एवढीच ओळ तुझ्या वाटची. तुला वाचता यायचं, अडखळत का होईना, पण पाकिटावर बाईचं नाव घालायची रीत नव्हती आणि मलाही ते सुचलं नाही. आता तू जाऊन इतकी वर्षं लोटल्यावर, समुद्रापलीकडे लेकीच्या घरात बसून, रोजचा खर्च लिहिते त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर तुला लिहायला घेतलंय. बातमी आधी सांगते, तुला ताटकळत ठेवत नाही. तुझ्या नातीला मुलगी झाली. नऊ महिने भरत आले होते. ती पोटातच गेली होती.

इथलं सांगायचं तर जगभर एक रोग आलाय. तू तुझ्या आजीच्या तोंडून प्लेगच्या गोष्टी ऐकलेल्या, लोक घरं सोडून रानात झोपड्या घालून राहायचे म्हणून. तसलंच समज, फक्त इथे उलट, घराबाहेर पडायचं नाही. मेलबर्नमध्ये ग्लेन वेव्हर्ली म्हणून भाग आहे, आपल्या लोकांची वस्ती पुष्कळ, चांगल्या शाळांसाठी लोक इथे घर घेतात. लेकीनेही त्याचसाठी घेतलं, मूल पोटात यायच्याही आधी. मी आले ती तिला चौथा लागला तेव्हा. इतक्या लवकर यायचं नव्हतं, पण तिकीट स्वस्तात मिळालं. मी आले आणि मागे विमानं बंद झाली. हे तिकडे सांगलीला एकटे, रोज फोनवर कुकरच्या शिट्ट्या किती घ्यायच्या ते विचारतात. इथे सामान आणायला घरातल्या एकानेच जायचं, तोंडाला फडकं बांधून, पाच किलोमीटरच्या हद्दीत. जावई जातो. मी मागच्या अंगणातल्या लिंबाला पाणी घालायची, रामरक्षा म्हणायची आणि माझ्या जुन्या साड्यांची दुपटी शिवायची. जावई गोरा आहे, इथलाच. चांगला आहे. मला आई म्हणतो, आणि "आई, बस, पोट फुल" एवढं मराठी त्याला येतं.

त्याचं आडनाव वॉकर. लेकीने लग्नानंतर आपलं आडनाव बदललं नाही, ह्यांचंच ठेवलं. तेव्हा मी पुष्कळ बोलले होते, की लग्न झालं आणि आडनाव माहेरचंच, हे काय. पण बाळाला वॉकर लावणार म्हटल्यावर मी दुसऱ्या बाजूने बोलायला लागले. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी मलाही येतं. वॉकर म्हणजे चालणारा. मी म्हटलं, हे काय आडनाव झालं? चालत कोण नाही? आडनावावरून घराणं कळावं, गाव कळावं, निदान पूर्वज काय करत होते ते तरी कळावं. लेक म्हणाली, "आई, संडेला डॅडना विचार. ही वुड लव्ह इट." डॅड म्हणजे माझे व्याही. बायको वारलेली, वय झालेलं, ते वृद्धांसाठीच्या एका होममध्ये राहतात. रोग आल्यापासून तिथे मुलालासुद्धा आत सोडत नाहीत. दर रविवारी दुपारी तिथली नर्स त्यांच्यापुढे टॅबलेट धरते आणि आम्ही इकडे सोफ्यावर दाटीवाटीने बसतो. मला ते "लव्ह" म्हणतात. इथले म्हातारे सगळ्यांनाच म्हणतात म्हणे, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पदर सावरला होता.

ते आयुष्यभर ट्राम चालवायचे, आणि आता त्यांचा सगळा वेळ वंशावळीत. खोलीच्या भिंतीवर कागदाला कागद जोडून त्यांनी आपलं सगळं घराणं लावलंय, पाळण्यावर टांगायला त्याची एक नक्कल काढत होते. माझा प्रश्न लेकीने विचारला तेव्हा शेतकऱ्याला त्याच्या पिकाचं विचारावं तसे ते खुलले. लेक मध्ये बसून मराठीत सांगत होती. पूर्वी इंग्लंडात गावंच्या गावं लोकर विणायची. मागावरून उतरलेलं कापड म्हणजे नुसती तेलकट जाळी. ते लाकडाच्या मोठ्या द्रोणीत भिजत घालायचं आणि माणसांनी त्यावर तासन्‌तास चालायचं. तुडवून तुडवून धाग्यात धागा अडकतो, कापड दाटतं, मग ते थंडी अडवतं. जो तुडवतो तो वॉकर. हेच काम करणारा दक्षिणेकडे फुलर, आणखी एका कोपऱ्यात टकर. काम एकच, मुलुखागणिक नाव वेगळं. मी म्हटलं, हो, विणणारा आपल्याकडे कुठे साळी तर कुठे कोष्टी. ते लेकीने तिकडे सांगितलं, त्यांनी लगेच लिहून घेतलं.

मग त्यांनी काही तरी सांगितलं आणि लेक थांबली. नवऱ्याला म्हणाली, हे तू सांग. तो लाल झाला आणि म्हणाला, "आई, पाणी नाही. सू-सू." कापडातलं तेल निघायला माणसाचं मूत, तेही शिळं, घरोघर फिरून पिंपात गोळा केलेलं. त्यात पाय घालून दिवसभर उभं राहायचं, हे यांच्या घराण्याचं मूळ. मला आधी शिसारी आली. माझं सोवळंओवळं तुला माहीतच आहे, तुझ्याकडूनच आलंय. पण मग मीच म्हटलं, त्यांना सांग, आमच्याकडेही गोमूत्र शिंपडल्याशिवाय घर शुद्ध होत नाही, फक्त आमचं जनावर बरं असतं. हे ऐकून म्हातारा इतका हसला की ठसका लागला आणि नर्सने टॅबलेट खाली ठेवून त्यांची पाठ चोळली, आम्हाला नुसतं छत दिसत राहिलं. मग मी त्यांना आपल्या गोधड्यांचं सांगितलं. दसऱ्याच्या आधी घरातलं सगळं अंथरूण नदीवर न्यायचं, सोड्यात भिजवायचं आणि पायांनी तुडवायचं. ते म्हणाले, दाखव. मी उठले, निऱ्या वर खोचल्या आणि त्या गालिचावर, एका पायावरून दुसऱ्या पायावर, कमरेवर हात ठेवून तुडवून दाखवलं. लेक पोट धरून हसत होती. म्हणाली, "आई, आतलीपण तुडवतेय बघ," आणि माझा हात ओढून पोटावर ठेवला. आई, तुडवत होती गं ती. चांगली जोरात.

त्या दिवशी मला तुझी फार आठवण आली, पण मी कुणाला बोलले नाही. मी नऊ वर्षांची असेन. बार्शीचं आपलं स्वयंपाकघर, धुरकटलेली खिडकी, तू चुलीपुढे भाकरी थापतेस. छातीवर जुन्या धोतराची पट्टी करकचून बांधलीय, पोलक्याच्या आतून तिची गाठ दिसतेय, आणि तरी पोलकं ओलं झालंय. मला कळत नाही ते कशाने. आदल्या आठवड्यात बाळ झालं होतं, मुलगी, एक दिवस राहिली. आप्पा तिला फडक्यात गुंडाळून ओढ्याकडे घेऊन गेले आणि येताना रिकाम्या हाताने येऊन सरळ अंघोळीला बसले. त्याआधीही दोनदा असंच झालेलं, पण तेव्हा मी लहान होते, मला फक्त शेजारच्या काकूंकडे जेवल्याचं आठवतं. या वेळी मी तुला विचारलं, बाळाचं नाव काय होतं. तुझा हात थांबला नाही. तू म्हणालीस, "ज्याचं बारसं झालं नाही त्याला नाव नसतं. पुन्हा विचारायचं नाही." बाळंतिणीने सव्वा महिना उठायचं नाही, पण आजी म्हणाली, बाळ नाही तर बाळंतीण कसली, आणि तू उठलीस. दसरा जवळ आला होता. आपण दोघी गोधड्या घेऊन नदीवर गेलो. मी माझी छोटी तुडवून पिळून वाळत घातली आणि परत आले तर तू अजून त्याच एका गोधडीवर. पाणी कधीच स्वच्छ झालं होतं. काठावरच्या बायका उठून गेल्या होत्या. तू खाली बघत तुडवत होतीस, एक पाय, दुसरा पाय, आणि मी आई म्हणून हाक मारली तरी तुला ऐकू आली नाही. शेवटी मी पाण्यात उतरून तुझ्या पदराला ओढलं. तू म्हणालीस, चल, भूक लागली असेल तुला.

ऑगस्टातली गोष्ट. इथे तेव्हा हिवाळा असतो. सकाळी चहाच्या वेळी लेक म्हणाली, कालपासून हालचाल कमी वाटतेय. मी म्हटलं, शेवटी शेवटी बाळाला जागा पुरत नाही, शांत होतं. गोड खा, हलेल. ते दोघे हॉस्पिटलात गेले. बरोबर एकालाच सोडतात, म्हणून मी घरी राहिले. दुपारी जावयाचा फोन आला. तो काय बोलला ते मला नीट कळलं नाही, पण मोठा पुरुष फोनवर तसा रडायला लागला की भाषा लागत नाही. तीन दिवस ते दोघे तिथे होते. तिला कळा देऊन मोकळी केली, आणि माझी लेक बाळंत होत असताना मी इथे पाच किलोमीटरच्या हिशेबात अडकून देवापुढे बसले होते. काय मागायचं तेही कळत नव्हतं. मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नुसतं नाव घेत राहिले.

मग मी उठले आणि जे आपल्याकडे करतात ते करायला घेतलं. बाळाची खोली रिकामी केली. पाळणा सुटा करून गॅरेजमध्ये नेला, एकटीने. दुपटी, टोपडी, झबली, सगळं पिशव्यांत भरून कपाटाच्या वरच्या फळीवर मागे सरकवलं. भिंतीवर जावयाने कागदाचे पक्षी चिकटवले होते, ते नखाने हळूच सोडवले, भिंतीचा रंग निघू नये म्हणून. खोली झाडली, पुसली, दार लावून घेतलं. मला वाटत होतं, ती येईल तेव्हा डोळ्यांपुढे काही नको. तुझ्या वेळी आजीने हेच केलं होतं. घरात बाळ येणार होतं याची खूण ठेवायची नाही, म्हणजे आईचं मन तुटतं पण लवकर जुळतं. मी हे मायेनेच केलं, आई.

लेक घरी आली ती हातात एक खोका घेऊन. हॉस्पिटलने दिलेला. त्यात पावलांचे ठसे, लोकरीची टोपी, केसांची एक बट आणि मनगटाला बांधलेली पट्टी, तिच्यावर "बेबी वॉकर" असं लिहिलेलं. इथे असं जपायला देतात. नर्सेसनी तिला दोन दिवस बाळ कुशीत ठेवू दिलं होतं, फोटो काढून दिले होते. ती खोका घेऊन सरळ त्या खोलीत गेली. दार उघडल्याचं ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी गेले तर ती मोकळ्या फरशीवर मध्यभागी उभी. मला म्हणाली, "कुठेय सगळं?" मी सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, उद्यापर्यंत नाव कळवायचंय, तिची नोंद होणार आहे, नाव आणि वॉकर. आणि आई, माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघालं. ठरवून नाही निघालं. ज्याचं बारसं झालं नाही त्याला नाव ठेवत नाहीत गं, म्हटलं, नाव ठेवलं की जीव घोटाळतो, तिला सुटू दे. ती म्हणाली, "मग मी दोन दिवस काय घेऊन बसले होते? काहीच नाही?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला बोलवलं की यायची, ताटातलं चिवडायची, उठायची. तिला दूध आलं. इथल्या नर्सने फोनवर सांगितलेलं म्हणून फ्रिजमधली कोबीची पानं छातीला लावून झोपायची. मी रोज गरम पाण्याची पिशवी आणि मेथीचा लाडू दाराशी ठेवायची. बाळ नाही तर बाळंतीण कसली, हे मात्र मी म्हणणार नव्हते. लाडू तसाच परत यायचा. पाळणा जावयाने पुन्हा आणून जोडला. मला वाटायचं, नात तर गेलीच, आता लेकही जाते. इथून विमान नाही, शेजारी कुणाकडे दोन दिवस जाऊन राहावं तर परवानगी नाही. एका छपराखाली तिघं, आणि मला लपायला फक्त स्वयंपाकघर.

रविवार आला. मला वाटलं या वेळी म्हाताऱ्यांना फोन होणार नाही, पण लावला. मी आतच थांबले होते, तर त्यांनी विचारलं, लव्ह कुठेय? लेकीने मला हाक मारली नाही, नुसती सोफ्यावर सरकून जागा केली. म्हातारा आठवड्यात फार वाळला होता. भिंतीवरचा कागद त्यांनी मांडीवर घेतला होता. म्हणाले, मी तिला तिच्या जागेवर घेतलंय, तुमच्या दोघांच्या खाली, फक्त नाव कोरं ठेवलंय. लेक इंग्रजीत म्हणाली, मॉम म्हणते असं नाव ठेवायचं नसतं. तेवढं इंग्रजी मला कळलं. मला वाटलं ते मला काही तरी समजावतील, इथले लोक समजावतात तसं. ते तर कागद उलगडत उलगडत अगदी वरच्या टोकाला गेले, बोट ठेवलं आणि नर्सला म्हणाले, जवळ धर. लेकीने सांगायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता, बातम्या सांगतात तसं. ही यॉर्कशायरची जुनी मंडळी. तेव्हा चर्चच्या वहीत नाव फक्त बाप्तिस्मा झालेल्या मुलाचं यायचं. जी त्याआधीच गेली त्यांना नाव मिळायचं नाही. म्हणजे यांच्याकडेही तीच रीत, आई. पण पुरल्याची नोंद व्हायची, आणि तिथे लिहिलंय, तान्हं मूल, वॉकर. पुन्हा दोन वर्षांनी, तान्हं मूल, वॉकर. अशी किती तरी. पायांना मुताचा वास येणारा तो माणूस, गावात त्याला कोण विचारत असेल, पण तो जाऊन सांगून आला की हे माझं होतं. म्हातारे म्हणाले, पुढे पाणचक्क्या आल्या, लाकडी हातोडे कापड कुटायला लागले, तुडवायचं काम संपलं. यांच्यातला एक सोनं शोधायला म्हणून जहाजात बसून इकडे आला, सोनं मिळालं नाही, मेंढ्या राखल्या. आता या आडनावात काहीच उरलेलं नाही, ना धंदा, ना गाव. एवढंच उरलंय, की कोण आमचं होतं ते त्यावरून कळतं.

मग त्यांनी मला विचारलं, तुझ्या आईला मुलं किती? त्यांना कागदावर बाळाची आईकडची बाजूही भरायची होती. लेकीने मराठीत विचारलं आणि माझ्याआधी स्वतःच उत्तर देऊन टाकलं, दोन, आई आणि मामा. आपण सगळीकडे हेच सांगत आलो. तूही हेच सांगायचीस, जनगणनेला मास्तर आले तेव्हा माझ्यासमोर सांगितलं होतंस. मी म्हटलं, "पाच."

लेकीने मान वळवून माझ्याकडे बघितलं, त्या आठवड्यात पहिल्यांदा. मी तिला सगळं सांगितलं, तिकडे ते टॅबलेटवर थांबून राहिले होते तरी. धोतराची पट्टी सांगितली, ओलं पोलकं सांगितलं, नदीवर तू थांबत नव्हतीस ते सांगितलं. तिला वाटायचं, आजी म्हणजे मिशीवाल्या आजोबांच्या मागे फोटोत उभी असलेली एक गप्प बाई. तिने हे सगळं इंग्रजीत कसं सांगितलं मला माहीत नाही, पण मध्येच तिचा आवाज गेला आणि उरलेलं जावयाने पुरं केलं, त्याला निम्मंच कळलं होतं तरी. म्हाताऱ्यांनी तिघांची नावं विचारली. मी म्हटलं, नव्हतीच. ते म्हणाले, मग आमच्यासारखं लिहितो, तान्हं मूल, आणि पुढे तुमचं आडनाव. त्यांनी मला स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं. आई, तुझ्या त्या तिघांच्या पुढे आपलं आडनाव पहिल्यांदा कुणी तरी लिहिलं, आणि ते एका परक्या म्हाताऱ्याने.

तिला निरोप द्यायला दहाच माणसांना परवानगी होती. आम्ही तिघंच गेलो. म्हातारे टॅबलेटवर. एवढीशी पांढरी पेटी, टेबलावर. आत तिला मी शिवलेलं दुपटं गुंडाळलं होतं, वरच्या फळीवरून ते लेकीनेच शोधून काढलं होतं. मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नाक तुझं. मी नुसती बघत उभी होते, तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, कानात नाव आत्याने सांगायचं ना? याला बहीण नाही. तू सांग." ती बोलली याचंच मला इतकं भरून आलं की आधी काय म्हणाली ते समजलं नाही. नाव तिने आणि त्याने ठरवलं होतं, गाडीत मला सांगितलं नव्हतं. ते तिने मला आता सांगितलं. मी वाकले. तोंडावरचं फडकं काढायचंही सुचलं नाही, त्यातूनच तिच्या कानाशी सांगितलं, आपल्या पद्धतीने तिन्ही, तिचं नाव, बापाचं नाव, वॉकर. बारशाला आत्या अशी वाकली की बाकीच्या बायका कुर्रर्र करून तिच्या पाठीत धपाटे घालतात, आणि सगळं घर हसतं. तिथे इतकी शांतता होती. मी वाकलेलीच राहिले, कारण सरळ झाले की संपणार होतं. आणि मग माझ्या पाठीवर हात पडला. धपाटा नव्हता. नुसता ठेवलेला हात, जड, आणि तो तिने काढला नाही.

हे सगळं मी ह्यांना फोनवर निम्मंच सांगितलंय. नाव ठेवलं हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, काय ठेवलं. एवढंच. लेक आता जेवते. बोलते, कमी बोलते. दुपारी त्या खोलीत जाऊन बसते, आणि कधी कधी मला आत बोलावते.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलंय. काल रविवार होता. म्हाताऱ्यांनी कागद पुरा केला होता, शेवटचं एकदा वाचून दाखवत होते. तुझ्या तिघांशी आले, तान्हं मूल, तान्हं मूल, आणि मी म्हटलं, थांबा, नावं आहेत. लेक म्हणाली, तू तर नव्हती म्हणालीस. मी म्हटलं, आत्ता आठवली. खोटं बोलले. तिथे बसल्या बसल्या ठेवली. पहिल्या दोघांना देवाची दिली, देवाचं नाव कुणालाही चालतं. तिसरीसाठी मात्र अडले. मग मला माझ्या मामाने, तुझ्या भावाने, एकदा सांगितलेलं तुझं माहेरचं नाव आठवलं, आप्पांनी लग्नात बदललं ते. त्या नावाने तुला नंतर कुणी हाक मारलीच नव्हती. नुसतं पडून होतं. वाया कशाला घालवायचं म्हणून मी ते तिला देऊन टाकलं, तुला न विचारता.